काळूच्या बांधावरचा चिखल

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली गिऱ्हाइकं आली. गिऱ्हाईक नाही म्हणायचं, पाहुणे म्हणायचं, असं रुचिताने बजावलंय. "आई, एकदा जरी गिऱ्हाईक म्हणालीस ना, तर तुझं बुकिंग तूच बघ." लेक ठाण्यात बसून फोनवर बुकिंग घेते, म्हणून एवढं ऐकून घ्यायचं. बरं बाई, पाहुणे. चौघे होते. आटगाव स्टेशनला उतरले, तिथून आमच्या ह्यांनी जीपने आणले. मोबाईल पिशवीत टाकायचे, नदीकाठाने हळूहळू चालायचं, करंजाखाली बसायचं, डोहात पाय सोडायचे, भाकरी खायची, परत बसायचं. ह्याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात. वाशिंदच्या कारखान्यात कॅन्टीन सांभाळताना बावीस वर्षं मी बायकांवर "बसू नका गो, उठा" म्हणून ओरडले. आता लोक बसायला माझ्याकडे येतात.

ही वही रोज लिहायची ठरवली आहे, कारण मितेश उद्या काहीही बोलेल. मितेश म्हणजे माझा धाकटा दीर. काठाची ही जमीन त्याची आणि ह्यांची मिळून आहे. त्याला ती बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या एका माणसाला द्यायची आहे. त्या माणसाला जमिनीत रस नाही, त्याला डोह हवाय. भर मेमध्ये पाणी असलेली जागा ह्या पट्ट्यात दुसरी दाखवा! मी मितेशला सांगितलं, मला एक उन्हाळा दे. अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्याकडच्या तिजेपर्यंत, माझं चाललं तर जमीन राहील, नाहीतर तुझा भाऊ सही करेल. तो हसला. "वयनी, नदीत पाय बुडवायला कोन येतंय गो?" आले ना चार जण. पुढच्या पंधरवड्यात सहा येणार आहेत.

डोह आहे तो बांधामुळे. आमच्या खाचराच्या खाली नदीच्या पात्रात जुन्या घडीव दगडांचा आडवा बांध आहे, चुना-बिना काही नाही, नुसते दगडावर दगड. नाणेघाटातून उतरलेले बैलांचे तांडे ह्याच खोऱ्याने कल्याणच्या बंदराला जायचे, ते इथे पाणी पाजायला थांबायचे म्हणतात. खरंखोटं कोणाला माहीत. मी पाहुण्यांना खरंच सांगते. तीस वर्षं ह्या घरची सून आहे, पण मी बांध नीट पाहिला तो यंदाच. आम्ही वाशिंदला राहायचो, लावणीला आणि गणपतीला यायचो, आणि तेव्हा काळू बांधाच्या डोक्यावरून वाहत असते.

८ मार्च, शनिवार

सहाच्या जागी आठ आले. वरच्या वाडीतला बुधू त्यांना जंगलातून फिरवून आणतो, त्याची बायको हिरी चुलीवर भाकऱ्या थापते. दोघांना कामाला घेतलं हे बरं केलं. बुधू बोलतो कमी, पण पाहुण्यांना ते फार आवडतं. काही विचारलं की तो आधी झाडाकडे बघतो, मग "हां" म्हणतो. एक बाई म्हणाली, "किती गहन माणूस आहे." मी म्हटलं, ऐकायला कमी येतं त्याला डाव्या कानाने.

ह्याच बाईने आज हिरीला डवऱ्यावर पाहिलं. डवरा म्हणजे डोहाच्या कडेला वाळूत हाताने उकरलेला खड्डा. डोहाचं पाणी वाळूतून गाळून त्यात झिरपतं. वाडीतली अकरा घरं तेच पाणी पितात. झिरपतं फार सावकाश, म्हणून करवंटीने काढावं लागतं, एका हंड्याला पाऊण तास. बाई तिच्याकडे बघत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "ही खरी साधना." हिरीने मला विचारलं, ती काय बोलली? मी म्हटलं, तुझं कौतुक केलं. हिरी म्हणाली, "मंग दे ना तिच्या हातान करवंटी, एक हंडा भरू दे."

हसू आलं, पण पाहुण्यांसमोर असं तोंड वर करून बोलायचं नाही हे तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, हो काकी म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. अक्षर कसं येतंय ते येवो.

लाँग वीकेंड म्हणून बारा पाहुणे. सगळे पांढरे कपडे घालून, कारण रुचिताने त्यांना "रंगाशिवाय होळी, नदीकाठची शांतता" असं काहीतरी कळवलेलं. नाश्ता करून खाली उतरतो तर बांधावर अख्खी वाडी! प्रत्येक घरातला एक माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी. पाटीत काय, तर वारुळाची माती, शेण आणि वाळकं गवत. काठावर ते सगळं पायांनी तुडवत होते. चार जण डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दगडांच्या फटींत कोंबत होते, बाकीचे बाहेरून थापत होते. डोह गढूळ. वास तर असा की विचारू नका. माझा इतिहास शेणाने सारवून काढला!

एका पाहुण्याने मला विचारलं, "हे सांडपाणी आहे का?"

मी तरातरा गेले. बुधूच पुढे होता, कोपरापर्यंत चिखल. मी विचारलं, कोणाला विचारून? तो म्हणाला, "काकी, आमी दर वरसाला शिमग्याच्या दुसऱ्या दिशी..." मी म्हटलं, दर वर्षी काय करता ते मला नको सांगू. यंदा इथे माणसं आहेत, विचारायची पद्धत आहे की नाही? तो म्हणाला, "नदीला कोनाला इचारायचा?" बघा. हा तो गहन माणूस. त्याची आई भिमी म्हातारी मागून काहीतरी सांगायला आली, तिलाही मी म्हटलं, भिमीबाय, तुम्ही तरी ह्यांना अक्कल द्यायची. ती थांबली आणि परत गेली.

थापायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही. शेवटच्या पाटीपर्यंत थापलं आणि मग गेले.

वर येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "अगो, ऐक ना, लहानपणी आमी बी..." मी म्हटलं, तुमचं लहानपण राहू द्या, बारा जणांचा चहा टाका आधी. सावळाराम पष्टे ह्या माणसाने लग्नात पाटावर बसल्यावर जेवढं बोलायचं तेवढंच आयुष्यभर बोलावं, हे बरं.

१६ मार्च, रविवार

काढला सगळा. किन्हवलीहून दोन गडी आणले, तारेचे ब्रश आणले, लोखंडी सळया आणल्या. बाहेरचं लिंपण तर खरवडलंच, पण फटींच्या आतूनही गवताच्या कुजक्या गुंडाळ्या निघाल्या, काळ्याठिक्कर, कैक वर्षांच्या असतील. ढीगच्या ढीग निघाला. आत कोंबून कोंबून ठेवलेली घाण, आणि आम्ही त्यात पाय सोडून बसत होतो! गड्यांना सांगितलं, एक काडी आत राहता कामा नये.

आता बांध असा दिसतोय म्हणून सांगू. दगड न् दगड मोकळा झाला, छिन्नीचे घाव दिसायला लागले. एका दगडावर बैलाच्या खुरासारखं काहीतरी कोरलंय तेही सापडलं. रुचिताला फोटो पाठवला, ती म्हणाली, "आई, तू जीर्णोद्धार केलास!" ऐकून बरं वाटलं. ह्या घरात माझं कौतुक व्हायला ठाण्याहून फोन यावा लागतो.

भिमी म्हातारी पलीकडच्या काठावर सकाळपासून गुडघ्यांत मान घालून बसली होती. संध्याकाळी बांधावरून चालत आली आणि म्हणाली, "सुने, उघडी केलीस गो तिला." मी म्हटलं, उघडी नाही, स्वच्छ केली. म्हातारीने दगडावरून हात फिरवला आणि गेली. डोळे भरले होते तिचे. मला जरा कसंतरी झालं. मग म्हटलं, शेणाच्या चिखलासाठी कोण रडतं? असतात एकेकाची खूळं.

२२ मार्च, शनिवार

देव देतो तेव्हा असं देतो! बांधाच्या खालच्या अंगाला दगडांच्या फटींतून पाण्याच्या धारा सुटल्या आहेत. आधी दोन-तीन होत्या, आता चांगल्या वीसेक. पाहुणे खाली खडकावर बसतात, पाठ धारेला लावतात आणि डोळे मिटून "आहाहा" करतात. शहरात ह्याच गोष्टीसाठी लोक काय काय करतात म्हणे. रुचिताने लगेच नाव काढलं, "प्राचीन जलधारा". पुढचे दोन शनिवार-रविवार भरले.

मितेश मोटरसायकल घेऊन बघायला आला होता. धारा बघून त्याचं तोंड उतरलं. मी मुद्दाम त्याला भाकरी खायला थांबवलं. "काय भावजी, येतायत ना लोक पाय बुडवायला?" तो म्हणाला, "अजून तीज लांब हाय, वयनी." असू दे लांब.

आमचे हे मात्र धारांकडे बघत उभे राहिले, कपाळाला आठ्या. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "एवढा पानी भायेर चाललाय." मी म्हटलं, नदी आहे ती, बाहेर नाही जाणार तर काय घरात येणार?

२७ मार्च, गुरुवार

डोहाच्या कडेने आतल्या दगडांवर काळा पट्टा दिसायला लागलाय, हातभर रुंद. पाणी उतरलंय. उन्हामुळे असेल. सकाळी अकरालाच चटका बसतो. पण गेल्या वर्षी मेमध्येसुद्धा कंबरभर होतं, असं मितेशनेच त्या प्लॉटवाल्याला फोनवर सांगताना मी ऐकलंय.

मग संध्याकाळी बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वाडीच्या बायका डवरे खोल करतायत! आधी हातभर खड्डे होते, आता माणूस बसेल एवढे. एकाच्या जागी चार. डोहाला खालून भोकं पाडून ओढतायत पाणी. धुळवडीचा राग काढतायत माझ्यावर. तरीच म्हटलं, बुधू हल्ली नजरेला नजर देत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, पाहुण्यांना श्रीखंड घातलं आणि थेट वाडीवर गेले. सणाच्या दिवशी भांडायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

हिरी दारात होती. तिला शांतपणे म्हटलं, डवरे खोल करू नका, डोह आटतोय. ती म्हणाली, "पानी खाली गेला, म्हनून आमी बी खाली जातो." मी म्हटलं, तुम्ही खाली गेलात म्हणून पाणी खाली गेलं. त्यावर ती माझ्याकडे इतकी बघत राहिली की मलाच संकोच वाटला. मग म्हणाली, "काकी, तुला खरंच नाय कलत, का सोंग करतेस?"

सोंग! माझ्या चुलीवर भाकऱ्या थापणारी बाई मला सोंग करतेस म्हणते. मग मीही ठेवणीतलं काढलं. म्हटलं, उपकार विसरलात, कामाला घेतलं, चार लोकांत आणलं, नाहीतर कोण विचारत होतं तुम्हाला? आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. हिरीने परातीतलं पीठ झाकलं आणि म्हणाली, "उद्यापासून तुजी भाकर तूच भाज."

बुधूही येणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. येताना उतारावर पाय घसरला, गुडघा फुटला. वर उभे राहून सगळे बघत होते, पण हात द्यायला एकजण पुढे आला नाही.

५ एप्रिल, शनिवार

भाकऱ्या करपल्या. कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांची डाळ मी एका हाताने करायचे, पण चुलीचा जाळ मला ऐकत नाही. पाहुण्यांना जंगलात फिरवायला हे गेले आणि त्यांना मुरबाडचा रस्ता लागेपर्यंत चालवत नेऊन आले. धारा बंद झाल्या, नुसते थेंब. डोहात पाणी गुडघाभर, वर शेवाळ, कडेला मासे पोट वर करून. एकजण म्हणाला, "फोटोत तर असं नव्हतं." सगळे आजच परत गेले, उद्याची रात्र राहणार होते. जीपपर्यंत पोचवायला गेले तर कोणी हात हलवला नाही.

मितेश तेवढ्यात हजर. बांधावर उभा राहून दात काढत म्हणतो, "वयनी, टँकर मागवू का गो?" आणि जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, चढावर बुधूशी थांबून बोलला. दोघे चांगली पाच मिनिटं बोलत होते. बुधू बांधाकडे हात करून काहीतरी दाखवत होता.

आता सगळं कळलं. दीर आणि वाडी मिळालेत. डोह आटवायचा, मला हरवायचं, तिजेला सही घ्यायची. मी कारखान्यात तीन मॅनेजर पचवलेत, हे दोघे काय चीज आहेत. उद्यापासून पहाटे बांधावर जाऊन बसणार. हे म्हणाले, "अगो, मी सांगू का..." मी म्हटलं, तुम्ही भावाची बाजू घेणार असाल तर एक अक्षर बोलू नका.

११ एप्रिल, शुक्रवार, सकाळी

सापडला! रंगेहाथ सापडला!

उजाडताना बांधाच्या पलीकडच्या टोकाला बुधू. हातात पहार, बाजूला फावडं. एक दगड सरळ उपटून काढून बाजूला ठेवलेला, दुसऱ्याला हात घातलेला. मी ओरडले तर पळालाही नाही. "काकी, मी लिंपतोय," म्हणे. लिंपायला पहार लागते होय रे? त्याच्याजवळ ती शेणमातीची पाटीही होती, म्हणजे माझा बांध फोडायचा आणि वर परत घाणही करायची. मी तिथूनच चौकीत फोन लावला. सांगितलं, जुना ऐतिहासिक बांध फोडताना एकाला पकडलंय, साक्षीला मी आहे.

तासाभराने दोन पोलीस मोटरसायकलवर आले. बुधू तोवर तिथेच उकिडवा बसून होता. त्याने दगड परत जागेवर बसवला होता, वरून मातीही थापली होती, पुरावा लपवायला. त्याला मध्ये बसवून घेऊन गेले. हिरी चढावरून धावत आली, तोवर गाडी गेली होती. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं. तिने फक्त पाटी उचलली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं. चहा गार झाला.

त्याच दिवशी, दुपारी

बांधावर परत गेले होते. बुधूने थापलेला चिखल खरवडून काढावा म्हणून खुरपं घेऊन गेले.

डोहात आता बांधाला लागून, दोन्ही हात पसरावेत एवढं रुंद, घोट्याएवढं डबकं उरलंय. बाकी बांधाच्या बाहेरच्या अंगाला खालच्या दगडांतून अजून पाणी पाझरत होतं, सगळीकडे ओल, शेवाळ, थेंब. पण पलीकडच्या टोकाला, बुधूने थापलं होतं तेवढ्या तुकड्याला, एक थेंब नव्हता. कोरडा. ठणठणीत कोरडा. मी हात लावून बघितला. डावीकडे हात लावला, ओला. परत उजवीकडे लावला, कोरडा. असं किती वेळा केलं, मला माहीत नाही.

दगड उपटला नव्हता त्याने. आत गवत कोंबायला काढला होता.

तिथेच खडकावर बसले. धारा सुटल्या तेव्हा मी नाचले होते. त्या धारा म्हणजे डोह होता. हिरीचा हंडा होता. ती बाई ज्याला साधना म्हणाली ते पाऊण तासाचं पाणी मी पाहुण्यांच्या पाठीवर सोडलं, आणि वर वाडीलाच जाऊन सांगितलं की तुम्ही चोरताय.

घरी आले. हे ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "लहान होतो तवा बापाबरोबर मी बी पाटी नेयाचो. आपल्या घरची एक पाटी असायची. वाशिंदला गेलो नि सुटली." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? हे म्हणाले, "सांगत होतो ना." आवाज चढवला नाही, काही नाही. विळा पुसून आत ठेवला आणि जीपची चावी माझ्या हातात दिली.

१२ एप्रिल, शनिवार

काल चौकीत साहेब नव्हते, आज परत गेलो. साहेब म्हणाले, "बाई, काल पकडा म्हणता, आज सोडा म्हणता, आम्हाला दुसरं काम नाही का?" मी म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं की बांधाचं लिंपण मी काढवलं, त्यामुळे पाणी गेलं, आणि बुधू ते नीट करत होता. लिहिताना तीन ओळीच झाल्या. एवढा उन्हाळा आणि तीन ओळी.

बुधू बाहेर आला तेव्हा मी जीपचं दार उघडून उभी होते. म्हटलं, बुधू, बस, सोडते. तो माझ्या बाजूने गेला, जसं काही मी तिथे नव्हतेच. एवढ्या उन्हात चालत गेला, पुढे कोणाच्या तरी टेम्पोवर चढला असेल. आम्ही दोघे रिकामी जीप घेऊन आलो. सगळ्या रस्त्यात मला त्याचाच राग येत होता. एवढं लिहून दिलं, एवढी मान खाली घातली, तर एकदा बघायला काय झालं होतं त्याला? खरं ते लिहिते, पश्चात्ताप कमी आणि राग जास्त होता.

१५ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस आम्ही दोघांनी लिंपलं. वारुळाची माती आणली, गवत तुडवलं, ह्यांना जेवढं आठवत होतं तसं केलं. काही उपयोग नाही. अडवायला पाणीच नाही. वरून झरा येतो तो ह्या दिवसांत करंगळीएवढा, तो वाळूतच जिरतो. शिमग्याला डोह भरलेला असताना फटी बुजवल्या तरच पाणी पावसापर्यंत पुरतं, असं हे म्हणाले. आता काळूला पूर येईल तेव्हा डोह भरेल. चारही डवरे कोरडे आहेत. वाडीच्या बायका घाटाच्या पायथ्याच्या विहिरीवर जातात, जाऊन-येऊन अर्धा दिवस.

रुचिताला बुकिंगं बंद करायला सांगितली. ती विचारत होती, "आई, नक्की झालं काय?" मी सांगितलं. मग म्हणाली, "त्या फोटोला किती लोकांनी चांगलं म्हटलं गं." आणि रडायला लागली. मी तिला रागावले नाही, फोटो तिने टाकला तरी ब्रश मीच आणले होते.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या तीज. मितेश आज प्लॉटवाल्याला घेऊन आला, कागद पिशवीत तयार. मीच म्हटलं होतं, माझं चाललं नाही तर सही. नाही चाललं. सही करायला ह्यांनी चष्माही काढून ठेवला होता.

तो माणूस काठावर उभा राहिला. चकचकीत बूट. खाली डोहाच्या जागी भेगा पडलेला चिखल, मधोमध एक कुत्रं झोपलेलं. म्हणाला, "पाणी?" मितेश म्हणाला, यंदा जरा कमी आहे. तो म्हणाला, "कमी? हे काय दाखवताय मला?" उलटा फिरला आणि गाडीत बसला. काच खाली करून एवढंच म्हणाला की अशी माळरानं त्याला रोज दहा जण दाखवतात.

मितेश धुळीत उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. "पाच तारखेला बुधूने मला सांगितला व्हता, बांध लिंपाया काकीला समजव. मी म्हटला, मरू दे, मला काय, वयनीचा धंदा बसंल तर बराच हाय. मला काय माहीत, माझा बी बसंल." मी त्याच्याशी भांडले नाही. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, हे शोधत होते. जाताना म्हणाला, "घे, राहिली तुझी जमीन. जिंकलीस."

जमीन राहिली. हेच तर मला हवं होतं. पाणी नाही म्हणून कोणाला नको झाली, म्हणून राहिली.

२ मे, शुक्रवार

आज आम्ही दोघांनी जीपमध्ये दोन निळे ड्रम घातले, खालच्या गावातल्या बोअरिंगवरून गोड पाणी भरलं आणि वाडीवर नेलं. स्वच्छ, पिण्याचं. आंब्याखाली गाडी उभी केली, हॉर्न दिला. कोणी आलं नाही. उतरून हाक मारली, "पाणी आणलंय, हंडे आणा गो." घराघरांतून माणसं बघत होती. एक हंडा बाहेर आला नाही.

मी तशीच उभी. ऊन डोक्यावर. हिरी विहिरीकडून येत होती, डोक्यावर दोन हंडे, घामाने लुगडं अंगाला चिकटलेलं. ती ड्रमजवळून गेली, वळलीसुद्धा नाही. मला इतका संताप आला की वाटलं, उघडावे नळ आणि ओतून द्यावं सगळं मातीत. तुमच्यासाठी आणलं, आणि हा माज! मग वाटलं, तिच्या जागी मी असते तर ड्रमला लाथ घातली असती. हिरी नुसती चालत गेली.

शेवटी भिमी म्हातारी काठी टेकत आली. ड्रमला हात लावला, थंड आहे का बघितलं. मी म्हटलं, भिमीबाय, घ्या ना. चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. म्हातारी म्हणाली, "तुला सांगाया आलो तवा तू आमाला अक्कल शिकवलीस. आता तुजा पानी आमच्या पोरांच्या घशाखाली नाय उतरायचा गो." मी म्हटलं, मग काय करू मी ह्याचं? परत नेऊ?

तिने काठीने गोठ्याकडे दाखवलं. "गुरांना घाल."

मी दगडी कुंडीत दोन्ही ड्रम ओतले. ह्यांनी बादल्या पुढे केल्या, मी ओतल्या. आधी एक गाय आली, मग शेळ्या आल्या, मग सगळी वाडीची जनावरं आली आणि एकमेकांना ढुश्या देत कुंडी रिकामी करून गेली. तोवर दारांत माणसं उभी होती. कोणी थँक्यू म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. बुधू ओट्यावर बसून दोर वळत होता, त्याने एकदाही मान वर केली नाही.

निघताना भिमी म्हणाली, "सांजच्याला पन पितात जनावरं."

चार वाजलेत. ड्रम धुवून ठेवलेत. हे जीपमध्ये बसून माझी वाट बघतायत.